नाव घ्यायची जागा

२७ फेब्रुवारी

प्रिय आपा,

सलाम. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुला माझ्यासाठी इस्तिखारा करायचा आहे, अल्लाहचा कौल घ्यायचा आहे.

मोठ्या ग्रंथालयाचं पत्र आलंय. जुनी हस्तलिखितं दुरुस्त करायचं त्यांचं एक खातं आहे, तिथे हाताने शिवणारं माणूस हवं आहे. आमच्या बांधणीच्या दुकानातल्या मास्तरांनी मला न विचारता माझ्या तीन पुस्तकांच्या बांधण्या त्यांना पाठवल्या होत्या, आणि त्या आवडल्या म्हणे. दोन वर्षं शिकवतील, मग कायमची नोकरी, राहायला मागच्या अंगाला एक खोली. शहर इथून दिवसभराच्या प्रवासावर. पंचवीस मार्चपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. मास्तर म्हणाले, "इथे पावतीपुस्तकं शिवत म्हातारी होशील. जा." हा माणूस अकरा वर्षांत माझ्याशी एका दमात इतकं बोललेला नाही.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका जाड वहीत एक जुज उलटा शिवला. सोळा पानं डोक्यावर उभी! मास्तरांनी वही उघडली, कात्री माझ्यापुढे ठेवली आणि चहाला निघून गेले.

घोडं अडलंय ते अम्मीपाशी. तिचे गुडघे तुला माहीत आहेत, डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. मी गेले तर तिला तुझ्याकडेच यावं लागेल. तुझा तिसरा मजला, दोन खोल्या, सासूबाई, आणि एप्रिलअखेर येणारं बाळ, सगळं मला कळतं. म्हणूनच मी जाते असं म्हणत नाही, विचारते आहे.

तू म्हणशील, स्वतः कर. मी दोनदा बसले. नमाजाच्या दोन रकात झाल्या, दुआ सुरू केली. "हे काम माझ्या दीनासाठी, माझ्या जगण्यासाठी भलं असेल तर ते सोपं कर, नसेल तर माझ्यापासून दूर कर." इथवर ठीक. पण जिथे आपल्या कामाचं नाव घ्यायचं ती जागा आली की माझी जीभ परस्पर म्हणते, ग्रंथालयाची नोकरी, आणि ती मिळूच दे. हे काय विचारणं झालं? हा हट्ट झाला. माझं मन आधीच एका पारड्यात जाऊन बसलंय. तुझं मन कोरं आहे.

शिवाय घरातली ख्वाबवाली तू. लग्नाआधी तुला हिरवं शेत दिसलं आणि अब्बांनी त्याच दिवशी होकार कळवला. खालाच्या मुलाचं परदेशी जाणं तुझ्या स्वप्नावरून राहिलं. मला स्वप्नात पडून पडून काय पडतं, तर खळ उतू गेलेली.

तू सांगशील ते मी करीन. हे लिहून देते.

तुझी, खळीने बरबटलेली,
चिकटी

*

१९ मार्च

चिकटे,

वालेकुम अस्सलाम. उत्तराला उशीर झाला, पण असल्या गोष्टीत घाई चालत नाही.

तुझं पत्र वाचून मी आधी मन शांत केलं. मग अकरा तारखेपासून सतरापर्यंत, सात दिवस, रात्री इशाच्या नमाजानंतर मुसल्ला न उचलता दोन रकात पढले आणि दुआ केली. तुझ्या कामाचं नाव स्पष्ट घेतलं. कुणाशी न बोलता उजव्या कुशीवर झोपत होते. सहा दिवस काही दिसलं नाही. सातव्या दिवशी दिसलं.

एक मोठं पुस्तक होतं, लाल कापडाच्या बांधणीचं. तू ते हौसेने माझ्या हातात दिलंस. मी उघडलं तर आतली पानं उलटी शिवलेली. मी पुस्तक फिरवलं, तर दुसरी पानं उलटी झाली. कसंही धरलं तरी वाचता येईना. आणि तू मागे उभी राहून रडत होतीस. मी दचकून जागी झाले, घशाला कोरड पडली होती.

मी अर्थ सांगणारी कोण? पण लाल रंग आणि उलटी पानं याचा अर्थ लावायला आलिम कशाला हवा. तुझ्या भल्यासाठीच अल्लाह हे काम तुझ्यापासून दूर करतो आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. अम्मीच्या पायाशी जन्नत आहे आणि ती तुझ्या वाट्याला आली आहे, माझ्या नाही. मला तर कधी कधी तुझा हेवा वाटतो.

माझी तब्येत बरी आहे. पायांना सूज आहे, एवढंच. अम्मीला सांगू नकोस.

आपा

*

२४ मार्च

प्रिय आपा,

आज नकार टाकून आले. पेटीत पाकीट सोडलं आणि हात आतच राहिला. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, बाई, पत्र जायचंय की तुम्ही? मला हसू आलं आणि मग दुकानापर्यंत डोळे पुसत आले.

रागावू नकोस. स्वप्न ऐकून माझी पाचावर धारण बसली हे खरं. उलटी पानं! मी त्या दिवशी जे चुकून शिवलं तेच तुला दिसावं, यापेक्षा मोठी खूण कुठली? खूण मिळाली की मन शांत होतं म्हणतात. माझं होईल हळूहळू. मास्तरांना कारण सांगितलं. त्यांनी पावतीपुस्तकांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

अम्मीला यातलं काही सांगितलेलं नाही. उगाच तिला वाटायचं की तिच्या पायात माझे पाय अडकले.

तू माझ्यासाठी सात दिवस उभी राहिलीस, सुजलेल्या पायांनी. हे मी विसरणार नाही.

चिकटी

*

२८ एप्रिल

चिकटे,

अम्मीला सांग, ती नानी झाली आणि तू खाला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. अशक्तपणा होता म्हणून लिहायला वेळ लागला. नाक अब्बांसारखं आहे, बिचारीचं. सासूबाई दिवसभर तिला घेऊन बसतात, त्यामुळे मला हे चार शब्द तरी लिहिता येताहेत.

तू कशी आहेस? ते सगळं आता मनातून गेलं असेल.

आपा

*

७ मे

प्रिय आपा,

अम्मीने पत्र तीनदा वाचून घेतलं, आणि नाकाच्या ठिकाणी तीनही वेळा हसली. मग रडली. मग म्हणाली, तारीख कुठे आहे?

तारीख पाठव. सोबत कारणही लिहिते. अम्मीच्या कुरआनाची शिवण सुटली होती, पानं निखळायला लागली होती, म्हणून मी ते दुरुस्तीला घेतलंय. दुकानात नेत नाही, घरीच करते, वुजूने हात-पाय-तोंड धुऊन, रोज थोडं थोडं. शेवटच्या कोऱ्या पानावर अब्बांच्या अक्षरात आपल्या सगळ्यांचे जन्म आहेत. तुझा, माझा, आणि मधल्या त्या भावाचा, जो नऊ दिवसच होता. अम्मीचं म्हणणं, नवी बांधणी चढायच्या आत नातीची तारीख तिथे पडली पाहिजे. पुठ्ठा कापून तयार आहे. तारखेसाठी थांबले आहे.

ग्रंथालयात ती जागा भरली. मास्तरांना तिथल्या ओळखीच्याने कळवलं. मास्तर एवढंच म्हणाले, "ज्या बाईला घेतलं, तिचे टाके सैल आहेत." मनातून गेलं का विचारतेस, तर नाही गेलं. पण खूण आठवते आणि गप्प बसते.

चिकटी

*

२० मे

चिकटे,

तारीख चार मार्च, बुधवार, सकाळी सव्वासहा. दवाखान्याच्या कार्डाची नक्कल सोबत ठेवते आहे, म्हणजे अम्मीची खात्री पटेल.

दचकू नका. ती सात आठवडे आधीच आली. तेवीस दिवस काचेच्या पेटीत होती, मी बाहेर बाकावर. जगते की नाही हेच कळत नव्हतं, म्हणून कुणाला कळवलं नाही. अम्मीला तेव्हा घोर लागला असता तर तिला कोण सावरणार होतं? आता दूध पिते, झोपते, रडते, सगळं इतर मुलांसारखं.

एक सांगू? चौदा एप्रिलला, चाळीस दिवस पुरे झाल्यावर, मी पहिल्यांदा मुसल्ल्यावर उभी राहिले, तेव्हा मला इतकं रडू आलं. इतके दिवस नमाजावाचून, जेव्हा सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच. बाळंतिणीला तो माफ असतो हे माहीत असून मन तडफडत होतं. पहिला सजदा केला आणि उठवेना.

हे फक्त तुलाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आपा

*

२ जून

आपा,

तुझं पत्र मी अम्मीला वाचून दाखवलं. बाळ पेटीत होतं ते ऐकताना तिने माझा हात धरला. पुढचा मजकूर मी तिला वाचून दाखवला नाही. कुरआन उघडलं, शेवटचं पान घेतलं, अब्बांच्या अक्षराखाली टाक टेकवला आणि लिहिलं: चार मार्च. लिहिताना हात थांबला. शाईचा एक ठिपका पडला आहे तिथे, तो आता निघणार नाही.

अकरा ते सतरा मार्च, तू लिहिलं होतंस. सात दिवस, इशानंतर, दोन रकात, मुसल्ला न उचलता. आणि चौदा एप्रिलला तू पहिल्यांदा मुसल्ल्यावर उभी राहिलीस, हेही तूच लिहिलंयस. दोन्ही पत्रं माझ्यासमोर ठेवली आहेत. दोन्हीत तुझंच अक्षर आहे.

त्या दिवसांत दुआ करता येते, असं मला लिहू नकोस. मला माहीत आहे करता येते. पण तू नुसती दुआ केली असं लिहिलं नव्हतंस. रकाती लिहिल्या होत्यास, कूस लिहिली होतीस, घशाची कोरड लिहिली होतीस.

आणि स्वप्न! उलटा शिवलेला जुज माझ्या पत्रात होता. मी तुला हसवायला लिहिला होता. तू माझ्याच दुकानातली चूक उचललीस, तिला लाल कापड चढवलंस आणि अल्लाहचं उत्तर म्हणून मला परत पाठवलीस. मी तिला खूण समजले. तुला आभाराचं पत्र लिहिलं.

नको जाऊस, मला अम्मीला घेणं जमणार नाही, एवढं तू लिहिलं असतंस तर मी भांडले असते, आदळआपट केली असती, आणि कदाचित राहिलेही असते. तो नकार तुझा असता. त्याच्याशी मला भांडता आलं असतं. तू तो अशाच्या नावावर लिहिलास ज्याच्याशी मला भांडता येत नाही. याला केसाने गळा कापणं म्हणतात, आपा. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

तुझ्या मुलीची तारीख पक्क्या शाईने लिहिली आहे. तिचा यात काही दोष नाही.

*

११ जुलै

चिकटे,

महिनाभर कागद समोर घेऊन बसत होते. तीन पत्रं फाडली. पहिल्यात तुझी समजूत घातली होती, दुसऱ्यात तुलाच बोल लावला होता, तिसऱ्यात आजारी पडले होते. हे चौथं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मला दवाखान्यात मिळालं, यांनी फळांच्या पिशवीत घालून आणलं होतं. समोर काचेत मुलगी, तिच्या छातीला चिकटवलेल्या नळ्या. त्या बाकावर मी वाचलं की अम्मी माझ्याकडे येणार. घरी सासूबाईंची खाट एका खोलीत, आमची दुसरीत, आणि बाळ जगलं तर त्याला जागा कुठे हेच आम्हाला माहीत नव्हतं. नाही म्हणायची लाज वाटली. थोरली मुलगी आईला नाही म्हणते, हे कुठल्या तोंडाने लिहू? तेव्हा तूच मला वाट दाखवलीस. तू लिहिलं होतंस, तू सांगशील ते करीन. पुढे मी फार विचार केला नाही. पत्र लिहून टाकलं आणि मला, खोटं कशाला बोलू, सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. तुझा नकार गेल्याचं कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवले. त्याच आठवड्यात मुलगी पेटीतून बाहेर आली. मी म्हटलं, बघ, तो रागावलेला नाही.

आणखी एक आहे. तेही आता सांगून टाकते, नाहीतर हेही पत्र फाडावं लागेल. हिरवं शेत मला कधी दिसलंच नव्हतं. अब्बा या स्थळाला कां-कूं करत होते आणि मला यांच्याशीच लग्न करायचं होतं. मुलीने तोंडाने तसं म्हणायची सोय नव्हती. स्वप्न सांगायची होती. नंतर सगळे मला ख्वाबवाली म्हणायला लागले, खाला मुलाचं विचारायला आली, तिचा चेहराच सांगत होता की त्याने जाऊ नये. मी तिला हवं होतं ते दिसलं म्हणून सांगितलं. एकदा असं नाव पडलं की ते निभवावं लागतं, चिकटे. मला नीट झोपसुद्धा लागत नाही, स्वप्नं कुठून पडणार?

मला माफ कर असं लिहायला धजत नाही. तू सांगशील ते मी करीन. हे मीही लिहून देते.

आपा

*

३ ऑगस्ट

आपा,

तुझं पत्र पोचलं. घरातले अर्धे निर्णय तुझ्या झोपेवर झाले आणि तू जागीच होतीस, हे वाचून मला आधी हसू आलं. त्या हसण्याची मलाच भीती वाटली.

पत्र मी अम्मीला वाचून दाखवलं. सगळं, ग्रंथालयाच्या पत्रापासून, दुपारभर. तुझ्यावरचा राग काढायला वाचलं असं तू म्हणशील, तर हो, त्यासाठीच सुरुवात केली होती. अम्मी डोळे मिटून ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला.

"त्या ग्रंथालयाच्या खोलीला खिडकी होती का गं?"

म्हटलं, असेल.

"मग मी आले असते की तुझ्याबरोबर. मला काय लागतं? खिडकी आणि थेंब. तुम्ही दोघी मला कोण ठेवून घेणार यावर अल्लाहला विचारत बसलात. मला कुणी विचारलं?"

तिचं बरोबर आहे, आपा. तुझा गुन्हा मोठा आहे, तो मी लहान करत नाही. पण अल्लाहला विचारायला मी तुला धाडलं आणि अम्मीला विचारायला कुणालाच नाही, हा माझा आहे. आपण दोघींनी तिला गाठोडं समजून एकमेकींच्या दारात ढकललं. तू खोटं बोलून ढकललंस आणि मी खूण मागून.

त्या संध्याकाळी मी स्वतः मुसल्ल्यावर बसले. दुआत नाव घ्यायची जागा आली तेव्हा थांबले. मग जे हवं होतं ते नाव घेतलं, आणि हवं आहे हेही सांगितलं. आमच्या पेशइमामांच्या बायकोला मी दुसऱ्या दिवशी विचारलं तर ती म्हणाली, मनात हवं असणं हा काही दोष नाही, ते असतं म्हणून तर विचारायचं. आणि स्वप्न पडलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय, काम सोपं होतं किंवा सुटून जातं, तेच उत्तर. हे मला फेब्रुवारीत कुणी सांगितलं असतं तर. पण मीही कुणाला विचारलं नव्हतं. घरात ख्वाबवाली असताना बाहेर कशाला जा.

मला स्वप्न पडलं नाही. ग्रंथालयाची जागा गेली ती गेलीच, दुसरी निघेल असं कुणी म्हणत नाही. मास्तरांनी मात्र दुकानाची चावी माझ्याकडे दिली आहे आणि जुनी पुस्तकं दुरुस्तीला घ्यायची पाटी मी बाहेर लावली आहे. अजून एकच आलंय, पाण्यात भिजलेलं. हे सोपं होणं आहे की नाही, मला माहीत नाही.

माफ केलं असं लिहिणार नाही. ते अजून खोटं होईल, आणि पत्रात खोटं लिहिणारी आपल्या घरात एक आहे तेवढी पुरे. झालं की कळवीन. मला चिकटी म्हणू नकोस. ते नाव खळीवरून होतं तोवर ठीक होतं. आता ऐकलं की वाटतं, तूच मला इथे चिकटवून ठेवलंस.

तुझी मुलगी मोठी होईल, तिच्यापुढेही कधी दोन वाटा येतील. तिच्यासाठी तू इस्तिखारा करू नकोस. तिला दुआ पाठ करून दे, आणि नाव घ्यायची जागा आली की खोलीतून बाहेर जा.

तू लिहिलंयस की मी सांगेन ते करशील. मी काही सांगत नाही, अम्मी सांगते आहे. तिला नात बघायची आहे. ती हिवाळा संपेपर्यंत तुझ्याकडे राहणार, पुढचं पुढे ती ठरवील. मला म्हणाली, आपाला आधी विचारून घे, तिची अडचण असेल. मी म्हटलं, नको, ती इस्तिखारा करीत बसेल, आणि पेशइमामांची बायको सांगत होती की जे फर्ज आहे, करायलाच हवं, त्यासाठी इस्तिखारा नसतो.

येत्या गुरुवारी सकाळी आम्ही दोघी पोचू, मी तिला सोडून संध्याकाळच्या गाडीने परत. थेंबांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या आहेत. ती एका दमात तिसरा मजला चढू शकत नाही, पण थांबत थांबत चढते. दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची ठेव.

तुझी धाकटी बहीण